थडग्यावरील अक्षरें आणि मृतांचें ऋण

जो मनुष्य मेला, ज्याचीं मुलें-नातवंडेंहि मेलीं, ज्याचा चेहरा पाहिलेला शेवटचा म्हातारा देखील केव्हांच इहलोक सोडून गेला, अशा मनुष्याविषयीं जिवंतांचें कांहीं कर्तव्य उरतें काय? हा प्रश्न व्यवहारी माणसास प्रथमदर्शनीं निरर्थक वाटण्याजोगा आहे. भुकेल्यास अन्न द्यावें, आजाऱ्यास औषध द्यावें, हें समजतें. परंतु ज्याला भूक नाहीं, वेदना नाहीं, मानापमानहि नाहीं, त्याचें आपण काय देणें लागतों? आणि तरीसुद्धां ज्यानें आपले मृत अगदींच टाकून दिले असा समाज शोधून सांपडणें कठीण आहे. व्यवहारी मनुष्यहि बापाच्या शेवटच्या इच्छेपुढें मान लववितो. आणि ती मोडली तर आपण कोणाचा तरी अपराध केला असें त्याला आंतून वाटतें. तो अपराध नेमका कोणाचा, आणि त्याची मर्यादा कोठपर्यंत, हें पाहण्याचा या लेखांत विचार आहे.

हा विचार नुसत्या तर्कानें करण्यापेक्षां एखाद्या प्रत्यक्ष देशांतील दगडांच्या आधारानें करावा असें आम्हांस वाटतें, आणि त्यासाठीं आम्ही वेल्स हा देश निवडीत आहों. ब्रिटनच्या पश्चिमेस डोंगराळ मुलखांत पसरलेला हा देश लहान आहे. त्याची भाषा इंग्रजीहून सर्वस्वीं निराळी. आणि त्याच्या चर्चांच्या आवारांत, डोंगरांच्या खांद्यावर व खाणींच्या तोंडाशीं उभे असलेले स्मारक-दगड इतके विविध आहेत कीं, स्मृतीचे जेवढे म्हणून प्रकार संभवतात—खरी स्मृति, खोटी स्मृति, रागावलेली स्मृति, बुडविलेली स्मृति—तेवढ्या सर्वांचें उदाहरण तेथें हाताशीं मिळतें.

आम्हां हिंदूंना दगडाची ही भाषा थोडी परकी आहे. आपण देह अग्नीला देतों, अस्थि नदीला देतों, आणि मृताचें नांव ठेवितों तें मुखांत. श्राद्धाच्या दिवशीं पिता, पितामह व प्रपितामह या तिघांचा नामगोत्रानें उच्चार होतो. त्यांपलीकडचे पुरुष नांवानिशीं मागें सरतात व लेपभागी पितरांच्या समुदायांत मिळून जातात. म्हणजे आपल्या शास्त्रकारांनीं विस्मरणालाहि नियमांत जागा करून दिली आहे. तीन पिढ्यांचें स्मरण हें कर्तव्य. पुढचें विस्मरण हा सृष्टिक्रम. आतां नवल असें कीं, वेल्समधील एका अतिशय प्रसिद्ध शिलेवरचा हिशेब हुबेहूब हाच आहे. लँगॉलेन गांवापासून थोड्या अंतरावर, व्हॅली क्रूसिस नांवाच्या मोडक्या मठाच्या शेजारीं, एका उंचवट्यावर एक तुटका स्तंभ उभा आहे. पोविस राज्याचा राजा कंगेन यानें नवव्या शतकांत तो उभारिला. त्यावरील लॅटिन लेखांत कंगेन हा कादेलचा पुत्र, कादेल हा ब्रोखमाइलचा आणि ब्रोखमाइल हा एलिसेगचा, अशी परंपरा सांगून, या एलिसेगच्या, म्हणजे आपल्या प्रपितामहाच्या, स्मरणार्थ हा दगड उभा केला असें राजा म्हणतो. एलिसेगानें इंग्रजांच्या हातून आपली भूमि परत मिळविली, हा त्याचा पराक्रम. आणि पुढें त्या लेखांत एक विनंती आहे: जो कोणी ही अक्षरें मोठ्यानें वाचील त्यानें एलिसेगाच्या आत्म्यास आशीर्वाद द्यावा.

ही विनंती आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. दगड उभारणाऱ्यास हें ठाऊक होतें कीं स्मृति दगडांत राहत नाहीं; ती वाचणाऱ्याच्या वाणींत राहते, आणि दगड हें केवळ त्या वाणीला दिलेलें आमंत्रण आहे. परंतु आमंत्रणाची अक्षरेंच झिजलीं तर? सतराव्या शतकांतील यादवी युद्धांत हा स्तंभ पाडला गेला. सुदैवानें १६९६ सालीं एडवर्ड लुइड या वेल्श पंडितानें, जो ऑक्सफर्डच्या अ‍ॅश्मोलियन संग्रहालयाचा प्रमुख होता, पडलेल्या दगडावरील लेखाची नक्कल करून ठेविली. १७७९ सालीं स्तंभाचा उरलेला भाग पुन्हां उभा करण्यांत आला. परंतु आज मूळ लेख जवळजवळ वाचतां येत नाहीं. एलिसेगाला आज जो काय आशीर्वाद मिळत असेल तो दगडामुळें नव्हे, त्या नकलेमुळें मिळतो. याहून एक गोष्ट विलक्षण आहे. २०१० ते २०१२ या वर्षांत स्तंभाखालच्या उंचवट्याचें उत्खनन झालें, तेव्हां तेथें कांस्ययुगांतील माणसांच्या जळालेल्या अस्थि सांपडल्या. आपल्याप्रमाणें मृतांस अग्नि देणाऱ्या त्या लोकांचें एकहि नांव उरलेलें नाहीं. राजानें आपल्या प्रपितामहाचा स्तंभ उभा केला तो कोणाच्या तरी अज्ञात प्रपितामहांच्या राखेवर. प्रत्येक स्मारकाच्या खालीं एक विस्मरण पुरलेलें असतें, हें येथें अक्षरशः खरें आहे.

दुसरें उदाहरण याहून साधें. पेनमाख्नो येथें पांचव्या-सहाव्या शतकांतील एक शिला आहे. तीवर ओबडधोबड, व्याकरण चुकलेल्या लॅटिनमध्यें एवढेंच लिहिलें आहे कीं, कॅरॉशियस येथें या दगडांच्या राशींत पहुडला आहे. तो कोण, कशानें मेला, त्याच्यासाठीं कोण रडलें, यांतील एकहि गोष्ट शिला सांगत नाहीं. पुढें ही शिला चर्चमध्यें हलविली गेली, आणि तिच्या भोंवतीं ती दगडांची रास आतां नाहीं. लेखानें जी एकच बातमी दिली होती तीहि अशा रीतीनें खोटी ठरली. याउलट अ‍ॅंगल्सी बेटावर लँगादवालदर येथील सातव्या शतकांतील शिलेवर कॅटामॅनस राजाला सर्व राजांत अत्यंत शहाणा व अत्यंत विख्यात म्हटलें आहे. ही विख्याति आज त्या वाक्यापुरतीच उरली आहे. दोन्ही दगडांपुढें उभें राहिलें असतां, स्तुति करणारा दगड अधिक बोलतो कीं नुसतें नांव सांगणारा, हा प्रश्न सुटत नाहीं.

राजांचे व धर्मवीरांचे दगड थोडे, सामान्यांचे पुष्कळ. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत उत्तर वेल्समधील पाटीच्या दगडाच्या खाणी भरभराटीस आल्या, आणि ज्या दगडाच्या पाट्यांवर जगभरच्या मुलांनीं धुळाक्षरें गिरविलीं त्याच दगडावर वेल्श गांवकऱ्यांचीं नांवें कोरलीं जाऊं लागलीं. हा दगड गुळगुळीत व चिवट असल्यामुळें अक्षर सुबक उठतें व दीर्घकाळ टिकतें. त्यावर पुष्कळ ठिकाणीं ‘एंग्लिन’ नांवाची तीस अक्षरांची चार चरणी कविता असते. तिच्यांतील अनुप्रासाचे नियम इतके कडक कीं आपल्या श्लेषयमकप्रिय पंडितांनींहि मान डोलवावी. आणखी एक विशेष असा: वेल्समध्यें पूर्वीं आडनांवें नव्हतीं, अमक्याचा मुलगा अमका एवढीच ओळख. पुढें इंग्रजी रीतीनें आडनांवें रूढ झालीं तीं मूठभर—जोन्स, डेव्हिस, इव्हान्स, विल्यम्स. एकाच आवारांत एकाच नांवाचे दहा जॉन जोन्स निजलेले असावयाचे. म्हणून त्यांच्या नांवाखालीं त्यांच्या शेतवाडीचें नांव कोरीत. आपल्याकडे गांवावरून ‘कर’ लागतो तसाच हा प्रकार. शेत पडीक झालें, घराचें छप्पर कोसळलें, तरी दगडावर त्या घराचें नांव शिल्लक आहे. घर माणसाच्या आठवणीनें ओळखलें जावें त्याऐवजीं माणूस घराच्या आठवणीनें ओळखला जातो, आणि मग दोघेहि जातात.

आतांपर्यंत आम्ही जे दगड सांगितले ते प्रेमानें वा अभिमानानें उभारलेले. परंतु रागानें उभारलेला दगडहि वेल्समध्यें आहे. दक्षिण वेल्समधील नीथ शहरालगत कॅडॉक्स्टन येथील चर्चच्या आवारांत १८२३ सालची एक शिला आहे. तिच्या माथ्यावर ठळक अक्षरांत, खुनाची नोंद करण्यासाठीं, अशा अर्थाचे शब्द आहेत. मार्गरेट विल्यम्स नांवाची, वयानें २६ वर्षांची, कार्मार्थेनशायरमधून येऊन या गांवीं मोलकरणीचें काम करणारी एक मुलगी, १४ जुलै १८२२ रोजीं रविवारीं सकाळीं चर्चच्या खालच्या दलदलींतील एका चरांत मृत सांपडली. तिच्या अंगावर मारहाणीच्या खुणा होत्या. खुनी सांपडला नाहीं. तेव्हां गांवकऱ्यांनीं वर्गणी जमवून ही शिला उभारली, आणि तीवर त्या अज्ञात खुन्याला उद्देशून लिहिलें कीं, माणसांच्या हातून तूर्त तो निसटला असला तरी देवानें त्याच्यावर खूण केलेली आहे व रक्ताची हांक त्याचा पिच्छा पुरविल्यावांचून राहणार नाहीं.

या शिलेविषयीं आमच्या मनांत दोन विचार येतात आणि ते एकमेकांशीं भांडतात. पहिला असा कीं, ज्या काळीं मोलकरणीच्या मरणाची दखल क्वचितच कोणी घेत असे, त्या काळीं एका गांवानें तिला राजाच्या तोडीचा शिलालेख द्यावा, ही गोष्ट त्या गांवाला भूषणावह आहे. न्यायालयानें ज्या खटल्याचा कागद बांधून ठेविला तो दगडानें उघडाच ठेविला, आणि आज दोनशें वर्षांनंतरहि तो मिटलेला नाहीं. दुसरा विचार असा: त्या शिलेंत मार्गरेट कोठें आहे? तिचें वय, तिचा जिल्हा व तिचें मरण एवढेंच आपणांस कळतें. ती हंसरी होती कीं गंभीर, तिला गाणें येत होतें काय, महिन्याच्या पगारांतून ती घरीं किती धाडीत असे, यांतलें एक अक्षर तेथें नाहीं. शिलेचें खरें श्रोतृत्व खुन्याकडे आहे. मुलगी ही त्या संभाषणाची केवळ सबब झाली आहे. अन्यायाचें स्मरण आणि अन्याय झालेल्या माणसाचें स्मरण या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि पहिलीच्या आवेशांत दुसरी हरवते, हा धडा या शिलेपासून घेण्यासारखा आहे. तथापि आम्हांस निवड करावयाची झाली तर आम्ही ती शिला असावी याच पक्षाला मत देऊं; कारण तिच्याविना मार्गरेटचें नांवहि उरलें नसतें.

दगड जसा न्यायालयाच्या दुर्बलतेवर बोट ठेवितो तसा तो न्यायालयाच्या निवाड्याविरुद्धहि उभा राहतो. १८३१ सालच्या जून महिन्यांत मर्थर गांवीं लोखंडाच्या कारखान्यांतील मजुरांचा उठाव झाला. सैन्यानें गोळीबार केला व अनेक माणसें मारलीं गेलीं. या दंग्यांत डोनल्ड ब्लॅक नांवाचा एक शिपाई संगिनीनें जखमी झाला. तो मेला नाहीं. आपल्याला कोणी भोंसकलें हेंहि त्याला ओळखतां आलें नाहीं. तथापि रिचर्ड लुइस नांवाच्या २३ वर्षांच्या मजुराला त्यासाठीं फांशी झाली. हजारों लोकांनीं दयेचा अर्ज केला. गृहमंत्री लॉर्ड मेलबर्न यांनीं तो मानला नाहीं, आणि १३ ऑगस्ट १८३१ रोजीं कार्डिफ येथें शिक्षा अमलांत आली. लोक त्याला डिक पेंडेरिन म्हणतात. अ‍ॅबरॅव्हन येथील चर्चच्या आवारांत त्याला पुरलें. पुढें कामगार-संघटनांनीं तेथें त्याचें स्मारक केलें. अमेरिकेंत गेलेल्या दुसऱ्याच एका मनुष्यानें मरतांना हा अपराध आपण केल्याचें कबूल केलें, अशी हकीकत १८७४ सालीं पुढें आली. माँटगोमेरी गांवीं अशीच आणखी एक कबर आहे. १८२१ सालीं वाटमारीच्या आरोपावरून जॉन डेव्हिस नांवाच्या मनुष्याला तेथें फांशी दिलें. आपण निर्दोष असूं तर आपल्या कबरीवर गवत उगवूं नये, असें त्यानें देवाला मागितलें, आणि पिढ्यान् पिढ्या तेथें गवत उगवलें नाहीं, असें लोक सांगतात. गवताची ही कथा ज्याला अशक्य वाटेल त्यानें ती सोडून द्यावी; पण एखाद्या निवाड्यावर लोकांचा विश्वास बसला नाहीं म्हणजे ते आपला पुरावा कोठून आणतात, हें त्या कथेंत स्पष्ट दिसतें. न्यायाधीशाची सही कागदावर होते. लोकांची सही मातीवर होते.

परंतु लोकांची स्मृति नेहमींच विश्वसनीय असते असें समजण्याचें कारण नाहीं. आणि येथें आम्ही वेल्समधील सर्वांत लोकप्रिय थडग्याकडे वळतों. उत्तर वेल्समध्यें बेद्‌गेलर्ट नांवाचें रमणीय गांव आहे. नांवाचा अर्थ ‘गेलर्टची कबर’. गांवालगतच्या कुरणांत एका झाडाखालीं दगड आहे, आणि तेथें गेलर्ट नांवाचा कुत्रा पुरलेला आहे असें सांगतात. लेवेलिन राजा शिकारीस गेला असतां त्याच्या तान्ह्या मुलाजवळ हा कुत्रा होता. राजा परतला तों पाळणा उलटलेला व कुत्र्याचें तोंड रक्तानें माखलेलें. कुत्र्यानेंच मुलाला खाल्लें असें समजून राजानें त्याला तरवारीनें ठार केलें. आणि मग पाळण्याखालीं मूल सुखरूप व शेजारीं मेलेला लांडगा दिसला. ही कथा ऐकून मराठी वाचकाला क्षणभरहि थांबावें लागणार नाहीं. पंचतंत्राच्या ‘अपरीक्षितकारक’ या पांचव्या तंत्रांतील ब्राह्मणी, तिचें मूल, साप आणि मुंगूस यांची हीच गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. पंचतंत्र सहाव्या शतकांत इराणांत पहलवी भाषेंत गेलें, तेथून आठव्या शतकांत अरबींत, पुढें हिब्रू व लॅटिन या वाटेनें युरोपांत. त्या प्रवासांत मुंगसाचा कुत्रा झाला, सापाचा लांडगा झाला, आणि वाटेवर कोठें तरी पाण्याच्या घागरीची तरवार झाली. वेल्समधला तो दगड मात्र अर्वाचीन आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेकडून येऊन गांवांत पथिकगृह चालविणाऱ्या डेव्हिड प्रिचर्ड नांवाच्या गृहस्थानें, प्रवाशांनीं गांवांत यावें व राहावें म्हणून तो उभा करविला, असें सांगण्यांत येतें. १८११ सालीं विल्यम स्पेन्सर या कवीची या विषयावरील कविता प्रसिद्ध झाली, आणि कथा देशभर पसरली. गांवाचें नांव वस्तुतः कोणा प्राचीन साधुपुरुषाच्या नांवावरून पडलें असावें, असें अभ्यासकांचें मत आहे.

आतां नीतीचा प्रश्न असा: या थडग्यापुढें डोळे पुसणाऱ्या माणसाची फसवणूक झाली काय? कोणी म्हणेल, कथा खरी नसली तरी तिचा उपदेश खरा आहे. घाईनें केलेल्या क्रोधाची शिक्षा तीच असते, मग कुत्रा असो कीं मुंगूस. हें आम्ही मान्य करतों. विष्णुशर्म्यानें ‘ही घटना अमुक गांवीं घडली, हें पाहा मुंगसाचें थडगें’ असें कोठेंहि म्हटलें नाहीं. त्यानें गोष्ट म्हणून गोष्ट सांगितली, आणि म्हणून ती खोटी ठरूं शकत नाहीं. दगड मात्र गोष्ट सांगत नाहीं. दगड साक्ष देतो. ‘येथें’ हा एक शब्द दगडाच्या मुखीं आला कीं त्याची जात पालटते. आणि खोट्या साक्षीनें कोणाचें तरी नुकसान होतेंच. येथें तें कोणाचें झालें? ज्याच्या नांवावरून त्या भूमीला नांव मिळालें असेल, त्या विस्मृत साधूचें. लोक कुत्र्याची वाट विचारीत येतात आणि साधूच्या नांवावरून पाय देऊन जातात. खोटी स्मृति ही विस्मृतीहून अधिक घातक, ती एवढ्याचसाठीं: विस्मृतीनें जागा रिकामी तरी राहते, आणि कधीं काळीं एखादा लुइड येऊन ती भरून काढण्याची आशा असते; खोट्या स्मृतीनें जागाच भरून जाते.

येथवर काळानें, अज्ञानानें व लोभानें स्मृतीचें काय होतें तें पाहिलें. परंतु सत्तेनें काय होतें तें पाहिल्यावांचून हा विचार पुरा होणार नाहीं. १४ ऑक्टोबर १९१३ रोजीं सेंगहेनिद येथील कोळशाच्या खाणींत स्फोट होऊन ४३९ खाणकामगार व मदतीस गेलेला एक मनुष्य असे ४४० जण मेले. ब्रिटनच्या खाणींच्या इतिहासांत याहून मोठी दुर्घटना झालेली नाहीं. याच खाणींत १९०१ सालीं ८१ माणसें मेलीं होतीं. म्हणजे पूर्वसूचना मिळाली नव्हती असें म्हणतां येत नाहीं. खटला झाला, नियमभंगाबद्दल व्यवस्थापकास एकंदर २४ पौंड दंड झाला, आणि कंपनीला अपिलांत १० पौंड. त्या काळच्या लोकांनीं भागाकार करून पाहिला तेव्हां व्यवस्थापकाच्या दंडाचा हिशेब एका जिवामागें एक शिलिंग व जेमतेम एक पेनी असा आला. हा भागाकार म्हणजे सुद्धां एक शिलालेखच होय, आणि तो कोणीहि दगडावर न कोरतां टिकला. शंभर वर्षें भरलीं त्या दिवशीं, २०१३ सालीं, तेथें वेल्समधील सर्व खाण-दुर्घटनांचें राष्ट्रीय स्मारक उभें राहिलें. तें योग्यच झालें; परंतु ज्या दिवशीं स्मारकापेक्षां न्यायाची गरज होती त्या दिवशीं न्याय झाला नाहीं, आणि उशिरां आलेलें स्मारक न्यायाच्या जागीं बसूं शकत नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे.

दुसरी गोष्ट पाण्याची आहे. त्रवेरिन नदीच्या खोऱ्यांत कापेल केलिन नांवाचें लहानसें, सर्वस्वीं वेल्श बोलणारें खेडें होतें. लिव्हरपूल शहराला पाणी पाहिजे होतें. १९५७ सालीं ब्रिटिश पार्लमेंटानें तसा कायदा केला. वेल्समधील एकाहि सभासदानें त्याच्या बाजूनें मत दिलें नाहीं, तरी कायदा झाला. १९६५ सालीं शाळा, टपालकचेरी, प्रार्थनामंदिर व बारा घरें-शेतवाड्या पाण्याखालीं गेल्या. दफनभूमीहि गेली. कांहीं कुटुंबांनीं आपल्या माणसांचे अवशेष दुसरीकडे नेले. बाकीचे मृत जागच्या जागीं राहिले व त्यांवर काँक्रीटचा थर घातला गेला. कबरींवरचे दगड तेवढे काठावरच्या स्मारकमंदिरापाशीं आले. मुळशीच्या व कोयनेच्या पाण्याखालीं ज्यांची ग्रामदैवतें गेलीं त्या महाराष्ट्रीय वाचकांना या दुःखाची जात समजावून सांगण्याचें कारण नाहीं. या घटनेचें सर्वांत प्रसिद्ध स्मारक सरकारी नाहीं. अ‍ॅबरिस्टविथजवळ लँरिस्टिड येथें रस्त्याकडेच्या एका पडक्या भिंतीवर साठाच्या सुमारास मीक स्टीफन्स या तरुण लेखकानें दोन शब्द रंगविले: त्रवेरिनची आठवण ठेवा. मूळ अक्षरांत वेल्श व्याकरणाची एक चूकहि होती. ती मागाहून सुधारली गेली. २०१९ सालीं ती भिंत कोणी तरी मोडली, तेव्हां लोकांनीं ती पुन्हां बांधली आणि तेच शब्द देशभर असंख्य भिंतींवर उमटले. लिव्हरपूलच्या नगरपालिकेनें २००५ सालीं झाल्या गोष्टीबद्दल क्षमा मागितली.

या दोन उदाहरणांवरून आमच्या मूळ प्रश्नाचें उत्तर जवळ येतें असें आम्हांस वाटतें. विसर पडणें ही एक गोष्ट आणि विसरावयास लावणें ही दुसरी. दगडफूल चढून नांव मिटलें तर तो कोणाचा अपराध नाहीं; तें आपल्या तीन पिढ्यांच्या नियमासारखेंच आहे. परंतु नांवावर काँक्रीट ओतलें, ज्याचा जीव गेला त्याची किंमत शिलिंगांत केली, वा त्याच्या जागीं सोयीस्कर कुत्रा पुरला, तर तो अपराध आहे. आणि तो मृताला कळत नाहीं म्हणून कमी होत नाहीं.

येथें एपिक्यूरसाचे व आपल्या चार्वाकाचे अनुयायी विचारतील: ज्याला कळत नाहीं त्याचा अपराध कसा होईल? मृत्यु आला कीं सोसणाराच उरत नाहीं. हा आक्षेप वाटतो तितका सोपा नाहीं. अ‍ॅरिस्टॉटललासुद्धां आपल्या नीतिशास्त्राच्या पहिल्याच भागांत, वंशजांच्या सुखदुःखाचा मृतांस कांहीं स्पर्श होतो काय, या प्रश्नाशीं थबकावें लागलें. आमचें उत्तर असें. आपण मित्राच्या पाठीमागें त्याची निंदा केली आणि त्याला ती कधींच कळली नाहीं, तर त्याचा अपराध झाला नाहीं असें कोणी म्हणत नाहीं. अपराध दुखण्यावर अवलंबून नसतो. तो संबंधावर अवलंबून असतो. मरणानें मित्र दूर गेला. संबंध मोडला असें नाहीं. ज्यानें खाणींत उतरून आपल्या चुलीसाठीं कोळसा काढला, ज्यानें बांध घातलेलें शेत आपण नांगरतों, त्याच्याशीं आपला संबंध त्याच्या देहाबरोबर संपत नाहीं, कारण त्याच्या श्रमाचें फळ संपलेलें नाहीं. ऋण हा शब्द आपल्या पूर्वजांनीं वापरला तो अगदीं योग्य वापरला: धनको गेला म्हणून कर्ज फिटत नाहीं.

दुसरा आक्षेप नीत्शेचा. त्यानें १८७४ च्या आपल्या निबंधांत असें प्रतिपादिलें कीं, अति इतिहासानें जीवन गुदमरतें. जगण्यासाठीं विसरण्याची शक्ति पाहिजे. यांत पुष्कळ तथ्य आहे. जें गांव केवळ थडग्यांचीच निगा राखीत बसेल त्याच्या मुलांना खेळावयास अंगण उरणार नाहीं. सर्वांचें स्मरण कोणालाच शक्य नाहीं, आणि अशक्य गोष्ट कर्तव्य होऊं शकत नाहीं. परंतु विसरण्याचा अधिकार ज्याला आठवतें त्यालाच असतो. ज्याला कधीं कळूंच दिलें नाहीं तो विसरत नाहीं, तो वंचित होतो. आणि क्षमा करण्याचा अधिकारहि आठवणाऱ्यालाच. कापेल केलिनच्या माणसांनीं लिव्हरपूलला क्षमा करावी कीं नाहीं हें त्यांनीं ठरवावें. त्यांच्या वतीनें पाण्यानें तें ठरवूं नये.

तेव्हां मृतांचें ऋण आम्ही तीन गोष्टींत बसवूं. त्यांच्याविषयीं खोटें सांगूं नये. त्यांचें नांव स्वार्थासाठीं पुसूं नये. आणि जें नांव अद्याप वाचतां येतें तें वाटेवर भेटलें असतां वाचावें. तिसरी अट दिसते सर्वांत हलकी, पण वेल्समध्यें तीच आज सर्वांत अवघड झाली आहे. १९०१ सालीं त्या देशांतील जवळजवळ निम्मे लोक वेल्श बोलत; २०२१ च्या खानेसुमारींत हें प्रमाण शंभरांत अठराहून किंचित कमी भरलें. ज्या पाटीच्या दगडांवर तीं तीस अक्षरांचीं कवनें कोरलीं आहेत ते दगड पुष्कळ ठिकाणीं अगदीं शाबूत आहेत. अक्षर खणखणीत आहे. समोर उभ्या असलेल्या पणतवाला मात्र तें कळत नाहीं. एलिसेगाच्या स्तंभाचें दगडानें नुकसान केलें. येथें दगडाचा कांहीं दोष नाहीं. प्रार्थनामंदिरें बंद पडून विकलीं जात आहेत, आणि त्यांच्या आवारांतल्या शिला बाजूला लावल्या जात आहेत. यांत एकच समाधान असें कीं, वेल्सच्या निरनिराळ्या भागांतील कुलेतिहास-मंडळांचे सभासद अशा दफनभूमींतून हिंडून एकेका शिलेवरचा लेख वहींत उतरवून घेत असतात. त्यांतील बहुतेक माणसें पंडित नाहींत. लुइडचें नांवहि कित्येकांस ठाऊक नसेल. तथापि त्यानें १६९६ सालीं केलें तेंच काम तीं करीत आहेत, आणि दहा जॉन जोन्सांपैकीं कोणता जॉन जोन्स कोणत्या शेताचा, हें त्यांच्यामुळें आणखी कांहीं काळ ठाऊक राहणार आहे. तीन पिढ्यांपुरतें म्हणा. शास्त्रानें याहून अधिक मागितलेलें नाहीं.